मदत हवी आहे: सामूहिक वनहक्काच्या जंगलातली कामं, जबाबदाऱ्या आणि कौशल्यं कागदावर कशी मांडावीत?

पळसबन
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे, पण पूर्ण वाचून मगच सांगा ही विनंती.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचं जंगल वापरण्याचे आणि राखण्याचे हक्क, मिळाले आहेत. बांबू आणि तेंदूपत्ता ग्रामसभा स्वतः विकते, जंगलाचा व्यवस्थापन आराखडाही लिहून झाला आहे. ग्रामसभेचं दप्तर मी सांभाळते. आराखड्यातल्या कामांसाठी एक संस्था काही वर्षं मानधन द्यायला तयार झाली आहे. त्यांनी कोरा तक्ता पाठवलाय: पदाचं नाव, शैक्षणिक पात्रता, अनुभव, जबाबदाऱ्या, आवश्यक कौशल्यं, कोणाला उत्तरदायी. सहा पदं भरून द्यायची आहेत.

पहिली अडचण पात्रतेच्या रकान्यात आहे. नमुना म्हणून जो भरलेला तक्ता आला, त्यात प्रत्येक पदासमोर दहावी किंवा बारावी आहे. तसं लिहिलं तर ज्यांना हे काम खरोखर येतं ती माणसं पहिल्याच ओळीत बाहेर पडतात.

बांबूचंच घ्या. कटाईच्या आधी बेटाबेटातून फिरून कोणता बांबू काढायचा आणि कोणता राखायचा हे ठरवावं लागतं. यंदाचा कोंब कोवळा असतो, त्याच्या पेरांवर खोळ असते, अंगावर पांढरी भुकटी असते. दोन-तीन वर्षांनी तो रंग बदलतो, अंगावर बुरशीसारखे डाग दिसायला लागतात, ठोकल्यावर आवाज वेगळा येतो. आमच्याकडचे दोन आजोबा आणि एक आत्या हे चालता चालता सांगतात. बेटाच्या कोणत्या अंगाने आत शिरायचं, बाहेरच्या कडेचे बांबू का ठेवायचे, जमिनीपासून कितव्या पेरावर घाव घालायचा म्हणजे खुंटात पाणी साचणार नाही, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. तिघांपैकी कोणीही चौथीच्या पुढे शिकलेलं नाही. त्यांच्याविना कटाई झाली तर मजूर हाताला सोपे पडतील तेच बांबू तोडतील आणि पुढच्या फेरीला बेट बसलेलं असेल.

तेंदूचंही तसंच. मे महिन्यात फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, पुडे मोजून घ्यायला जी बाई बसते तिला नुसती मोजणी येऊन भागत नाही. 70 पानांचा पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी, हा हिशेब सगळ्यांना येतो. पण पान कोवळं आहे, भोकं पडलेलं आहे, पुडा आतून भरलेला नाही, हे शेजारणीच्या तोंडावर सांगायचं आणि तरी भांडण होऊ द्यायचं नाही, हे फार थोड्यांना जमतं. ‘आवश्यक कौशल्यं’ या रकान्यात मी हे काय म्हणून लिहू? ‘संवाद कौशल्य’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इंग्रजी बोलणारं पोरगं उभं राहतं.

दुसरी अडचण मला जास्त सतावते. गस्त आमच्याकडे घरटी पाळीने असते. वणव्याच्या दिवसांत ज्याची पाळी तो जातो, नाही गेला तर सभेत विचारलं जातं. उद्या ‘वनसंरक्षण सेवक’ असं पद करून एकाला मानधन दिलं, तर बाकीचे म्हणतील, त्याला पैसे मिळतात ना, तोच जाईल. मानधन संपल्यावर पद जाईल, आणि पाळीही तोवर मोडलेली असेल. तेव्हा कोणत्या कामाचं पद करावं आणि कोणतं काम मुळीच पदात घालू नये, हे कसं ठरवायचं?

तिसरं, ‘कोणाला उत्तरदायी’ या रकान्यात नमुन्यात ‘प्रकल्प समन्वयक’ लिहिलंय. आमच्या मते तिथे ग्रामसभा असायला हवी. हे संस्थेला नीट पटेल असं कसं मांडावं?

कोणी अशी पदं लिहिली असतील, कौशल्य विकासाच्या क्षेत्रात असाल, वनखात्यात किंवा पाणलोटाच्या कामात असाल, तर कृपया लिहा. तक्ता येत्या ग्रामसभेपुढे वाचून मंजूर करून घ्यायचा आहे.

*

हातोटी
पळसबन ताई, मी नागपूरकडे कौशल्य प्रशिक्षणात आहे. तुमच्या पहिल्या अडचणीवर सांगतो.

देशात 2013 च्या डिसेंबरात राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. त्यात कामांचे तेव्हा दहा स्तर होते, आता आठ आहेत, आणि स्तर ठरवताना तेव्हा पाच गोष्टी पाहायच्या ठरल्या: कामाचं स्वरूप किती ठरीव किंवा बदलतं आहे, त्या कामाचं ज्ञान, हाताचं कौशल्य, लिहिणं-वाचणं-हिशेब यांसारखी मूलभूत कौशल्यं, आणि जबाबदारी. शाळा किती झाली हा त्यातला एकही निकष नव्हता. शाळेची अट नंतर प्रशिक्षणाच्या प्रवेशासाठी येते, आणि तिथेही अनेक भूमिकांना कमी शिक्षणासोबत अनुभवाची जोड चालते.

तुमच्या आजोबांचं काम या पाच कसोट्यांवर लावून पाहा. काम ठरीव नाही, प्रत्येक बेट वेगळं. ज्ञान खोल आहे. निर्णय स्वतःचा, आणि त्याचे परिणाम पुढची कित्येक वर्षं दिसणार. लिहिण्या-वाचण्याची गरज जवळपास नाही. म्हणजे एका कसोटीवर कमी आणि चारांवर चांगलंच वर. संस्थेला हेच दाखवा.

शेती आणि संलग्न कामांसाठी कृषी कौशल्य परिषद आहे, पर्यावरणाच्या कामांसाठी हरित रोजगारांची वेगळी कौशल्य परिषद 2015 पासून आहे. माळी, मधुमक्षिकापालक, बांबू उत्पादक, सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ अशा भूमिका तिथे लिहिलेल्या सापडतील. त्या जशाच्या तशा उचलू नका. ‘बांबू उत्पादक’ म्हणजे शेतात लागवड करणारा. नैसर्गिक जंगलातल्या बेटांची निवड हा वेगळा विषय आहे. पण लिहिण्याची पद्धत जरूर घ्या. तिथे भूमिका एकसंध लिहीत नाहीत. आधी कामाचे तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकड्याखाली माणूस काय करतो, त्यासाठी त्याला काय माहीत हवं, आणि ते बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं, एवढं लिहितात.

शेजारणीला पुडा परत करणाऱ्या बाईसाठी ‘संवाद कौशल्य’ लिहूच नका. ‘दर्जात न बसणारा पुडा कारण दाखवून परत करते, वाद राहिल्यास तो पुडा बाजूला ठेवून त्याच संध्याकाळी समितीपुढे नेते.’ हे वाचून कोणाला निवडायचं ते गावाला आपोआप कळेल.

पूर्वानुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, तिचा विचार नंतर करा. आधी तुमची भूमिका तुमच्या शब्दांत लिहून होऊ द्या.

*

उतारवाट
मी नगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामावर आहे. पात्रतेच्या रकान्यात आम्ही ‘प्रत्यक्ष काम करून दाखवणे’ असं लिहितो आणि काय करून दाखवायचं तेही लिहितो. उदाहरणार्थ, सलग समतल चराची आखणी. ए-फ्रेम (समपातळी शोधायची इंग्रजी A च्या आकाराची चौकट) हातात द्यायची, उतारावर समपातळी रेषा आखायला सांगायची, चुन्याने खुणा करायच्या, मग पाण्याच्या नळीने तपासायची. रेषा चुकली तर चरातलं पाणी एका टोकाला धावतं आणि तिथूनच बांध फुटतो, त्यामुळे परीक्षा कोणालाच अन्यायाची वाटत नाही. आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या आखणी करणाऱ्या बायकांना सही करता येते, तेवढंच.

तुमच्याकडे पाच बेटं निवडा. उमेदवाराने खुणा कराव्यात, आणि आजोबांनी व आत्यांनी त्या तपासाव्यात. परीक्षक म्हणून त्यांचं नाव तक्त्यात लिहा आणि त्या दिवसांचं मानधनही धरा. नाहीतर शिकवणं पुन्हा फुकटच जातं.

अजून एक. रोजगार हमीत अकुशल मजुरीचा खर्च वेगळ्या खात्यात आणि कुशल-अर्धकुशल मजुरी साहित्यासाठीच्या 40 टक्के खर्चात धरत आले आहेत. त्यामुळे जिकडे तिकडे जंगलातलं आणि शेतातलं काम अकुशल म्हणून लिहिण्याची सवय पडली आहे. तुमचा पैसा त्या योजनेचा नाही, तेव्हा ती सवय तक्त्यात येऊ देऊ नका. मला हे फार मनापासून वाटतं. आखणी करणारीला आणि खोदणाऱ्याला एकच दर लावलेला पाहिला आहे, आणि पुढच्या वर्षी आखणी करणारी कामावर आलीच नाही.

*

टेकडीपलीकडे
मी मूळची भोरची, सध्या स्कॉटलंडमध्ये वनीकरणाच्या कामात आहे. इकडे जमिनीवरच्या कामांची कौशल्यं ठरवून प्रशिक्षण देणारी लँट्रा नावाची संस्था आहे, तिच्यामुळे हा विषय ओळखीचा. हातोटी यांनी तुकड्यांबद्दल लिहिलंय त्याला जोड म्हणून इथलं उदाहरण. साखळी करवत चालवणारा म्हणून सरसकट प्रमाणपत्र नसतं. करवतीची देखभाल आणि पडलेल्या ओंडक्याचे तुकडे करणं ही पहिली पायरी. 380 मिलिमीटर व्यासापर्यंतचं उभं झाड पाडणं वेगळं, त्याहून मोठं झाड आणखी वेगळं. ज्याने जेवढं करून दाखवलं तेवढंच त्याने करायचं. तुमच्याकडे कोणाला निवड येत असेल पण उतरत्या वयात कटाई जमत नसेल, तर दोन्ही एका पदात कोंबू नका. तसं केलं की आजोबा गळतात आणि तरुण न शिकताच निवड करायला लागतो.

*

जाळरेषा
ताई, मी वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

गस्तीचं पद करू नका. पाळी ही गावाची शिस्त आहे, ती तशीच राहू द्या. पद करायचंच तर पाळीला ज्यांची मदत होते त्यांचं करा. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून राखलेले मोकळे पट्टे) साफ करून घेणं, पाळीचा तक्ता लावणं, पाणी, झोडपायच्या हिरव्या फांद्या आणि औजारं जागेवर आहेत का पाहणं, धूर दिसला की बीटगार्डला आणि शेजारच्या गावांना कळवणं, आग विझल्यावर कुठून लागली त्याची नोंद ठेवणं. एवढ्या कामाला एक माणूस हवा आणि तो आधीची तयारी आणि ते चार महिने एवढ्यापुरताच हवा. बारमाही पद केलंत तर पावसाळ्यात त्याला दुसरीच कामं चिकटवली जातील.

कोणत्या कामाला पद आणि कोणत्याला नाही, यासाठी मी एकच गोष्ट पाहीन. ते काम सगळ्यांनी केल्याने जंगल राखलं जातं, की एकाने नीट केल्याने? पहिलं असेल तर पद नको.

तिसऱ्या प्रश्नाला कायद्याचाच आधार आहे. वनहक्क कायद्याच्या नियम 4(1)(ई) प्रमाणे जंगल आणि जैवविविधतेच्या संरक्षणाची समिती ग्रामसभेच्या सदस्यांतून ग्रामसभाच नेमते. 2012 च्या सुधारणेनंतर गौण वनोपजाच्या (बांबू, तेंदूपत्ता वगैरे) वाहतुकीचा परवाना ती समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देते. 2011 साली मेंढा (लेखा) च्या ग्रामसभेला बांबूचं परवाना पुस्तक मिळालं ते केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हातून, त्याची किती चर्चा झाली होती! आज नियमातच आहे. मग परवाना लिहिणारी व्यक्ती प्रकल्प समन्वयकाला उत्तरदायी कशी असेल? तिचा अधिकार ग्रामसभेकडून आलेला आहे. समन्वयकाकडे अहवालाची प्रत जाईल एवढंच लिहा.

*

पळसबन
सगळ्यांचे मनापासून आभार. काल समितीसोबत बसून तक्ता नव्याने लिहायला घेतला. गस्त काढून टाकली. मोहफूल वेचणीही काढली, ते प्रत्येक घराचं आपापलं आहे. सहाऐवजी चार पदं उरतात असं दिसतंय, त्यातली दोन हंगामी. उरलेला पैसा शिकवणाऱ्यांच्या मानधनात टाकायला संस्था तयार होईल का ते विचारणार आहे. बांबूचं एक पद असं लिहिलं आहे, पाहून सांगा:

‘बांबू निवडकर्ता. काळ: पावसाळा संपल्यापासून कटाई संपेपर्यंत. काम: ठरलेल्या कूपातल्या (कटाईसाठी आखलेल्या जंगलाच्या भागातल्या) प्रत्येक बेटात काढायच्या बांबूवर खूण करणे, यंदाचे आणि मागच्या वर्षीचे बांबू राखणे, कटाईच्या वेळी हजर राहून खुणेबाहेरची तोड थांबवणे. अधिकार: नियम न पाळणाऱ्या टोळीचं त्या दिवसाचं काम थांबवता येईल. पात्रता: पाच बेटांवर खूण करून दाखवणे, गावातल्या तीन जाणकारांची पसंती. शिक्षणाची अट नाही. नोंदी: खुणा केलेल्या बांबूंची संख्या रोज सांगणे, लिहून घेण्याची जबाबदारी दप्तर सांभाळणाऱ्याची. उत्तरदायी: ग्रामसभा, समितीमार्फत.’

हातोटी, नोंदीची ओळ तुमच्यामुळे सुचली. निवड येते पण लिहिता येत नाही म्हणून कोणी मागे राहायला नको, आणि आकडेही हवेत.

*

हातोटी
उत्तम झालंय. ‘बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं’ तेवढं राहिलं. कटाईनंतर बेट पाहून कळेल अशी एक ओळ टाका: खुंट पेराच्या लगेच वर कापलेले, बाहेरची कड शाबूत, कोवळे बांबू मोडलेले नाहीत.

*

जाळरेषा
अधिकाराची ओळ सभेत मोठ्याने वाचा आणि ठरावात शब्दशः घ्या. टोळी थांबवायची वेळ येईल तेव्हा समोर बहुतेक ठेकेदाराचा माणूस किंवा स्वतःचाच भाऊ असेल. ठरावाचा क्रमांक आणि तारीख त्या माणसाच्या ओळखपत्रावर छापून द्या. आणि कटाईच्या वेळी तो एकटा नसावा, सोबत समितीचा एक सदस्य हवा, हेही त्याच पदाच्या वर्णनात लिहा.