‘मिठाने रुचकर’ बोलणं म्हणजे कसं?

प्रश्न, नवापूरहून : रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) मला बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्र 4:6 वर बोलायचं आहे. बोलणं ‘कृपायुक्त, मिठाने रुचकर’ असावं, असं तिथे आहे. पण आपल्याकडे बोलण्यात मीठ आलं की भांडणच! तिखटमीठ लावून सांगणं, जखमेवर मीठ चोळणं. मग हे मीठ चांगलं कसं? आणि ‘कृपायुक्त’चा अर्थ सरळ ‘गोड’ असा सांगितला तर चालेल का?

उत्तर, अमळनेरहून : ‘गोड’ नका सांगू ताई. ‘गोडबोल्या’ म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी खिसा चाचपतो.

मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’. देवाची कृपा तीच, आणि बोलण्यातला मोहकपणाही त्याच शब्दात. लूकच्या शुभवर्तमानात 4:22 मध्ये नासरेथकरांना, म्हणजे येशूच्याच गावच्या लोकांना, त्याच्या तोंडच्या ‘कृपावचनां’चं नवल वाटतं, तिथेही हाच शब्द आहे. गंमत पुढे आहे. एलिया संदेष्टा परमुलखातल्या विधवेकडे गेला, अलीशा संदेष्ट्याच्या काळात कुष्ठरोगातून बरा झाला तोही परकाच, अरामी नामान, एवढं येशूने सांगितलं आणि तेच लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले. म्हणजे कृपेचं बोलणं सगळ्यांना गोड लागेलच असं नाही.

आता मीठ. ग्रीक-रोमन लोक बोलण्यातल्या चातुर्यालाही मीठ म्हणत. आपलं ‘लावण्य’ तरी कुठून आलं? ‘लवण’ म्हणजे मीठच. मिठाचं दुसरं काम टिकवण्याचं. इफिसकरांस पत्र 4:29 मध्ये ‘कुजके भाषण’ नको म्हटलंय. तिथला ‘साप्रोस’ हा शब्द मत्तय 13:48 मध्ये जाळ्यातून काढून फेकलेल्या वाईट माशांसाठी येतो. पत्रं दोन वेगळी, पण कुजण्यावर उपाय मीठच की. मराठीत ‘कुजकट बोलणं’ आधीपासून आहे, त्यामुळे हे मंडळीला समजावून सांगावंच लागणार नाही.

जळगावहून : म्हणजे आमचं फटकळ बोलणं शास्त्रात बसलं म्हणा! काय भो, आम्ही खरं तेच तोंडावर बोलतो.

अमळनेरहून : नाही बसत, भाऊ. वचन अर्ध्यावर सोडू नका. ‘प्रत्येकाला’ कसं उत्तर द्यायचं ते कळावं म्हणून हे मीठ आहे, आणि आदल्याच ओळीत बाहेरच्या लोकांशी सुज्ञपणे वागायला सांगितलंय. वांग्याच्या भरतात मीठ घालतात ते खाणाऱ्याची जीभ ओळखून. मूठभर ओतून ‘मी खरं मीठ घातलं’ म्हणणाऱ्याचं ताट तसंच राहतं.

सहा महिन्यांनी कोणी उपासनेला आला की आपण दारातच विचारतो, ‘काय, आज सूर्य कुठून उगवला?’ सगळे हसतात, तो पुढच्या रविवारी येत नाही. हे कुजकट. ‘ये ना भो, बठ’ एवढं अहिराणीत म्हटलं तरी पुरतं. ‘आपण’, ‘कृपया’ काही लागत नाही. तो का आला नव्हता ते नंतर, एकट्याला विचारायचं, आणि कारण दारू असेल तर तेही स्पष्ट बोलायचं. नुसतंच ‘प्रभू भलं करो’ म्हणून सोडून दिलं तर ते अळणी.

नवापूरहून : मग ‘कृपायुक्त’ला साधा शब्द कोणता वापरू?

अमळनेरहून : ‘मायेचं’ म्हणा. पुरता अर्थ येत नाही, पण आजीबाईंपर्यंत पोचतो. आणि लूक 4 वाचून दाखवाल तर 22 व्या वचनाशी थांबू नका, 30 पर्यंत वाचा.