प्रॉक्सीवर स्कीमा चेकिंग लावलंय, तरी एचआरच्या चुकीच्या नोंदी आत जातायत

शिरोली_दुसरी_पाळी:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्री ग्रुपचे सर्व्हर मी बघतो. ओरॅकलचं (मूळ सनचं) डिरेक्टरी सर्व्हर एंटरप्राइज एडिशन आहे, म्हणजे माणसांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. मागे दोन डिरेक्टरी सर्व्हर, पुढे डिरेक्टरी प्रॉक्सी सर्व्हर (आलेली विनंती मागे पोचवणारा), पोर्ट १३८९. कामगाराची नोंद एचआरच्या सॉफ्टवेअरमधून प्रॉक्सीमार्फत पडते आणि गेटपास, कँटीन, मेल सगळं त्याच नोंदीवर चालतं.

मागच्या दोन्ही सर्व्हरवर स्कीमा चेकिंग (नोंदीतले रकाने ठरलेल्या नियमात, म्हणजे स्कीमात, बसतात का ही तपासणी) फार पूर्वीपासून बंद आहे. ठेकेदाराकडची बरीच माणसं स्वतःचं आणि बापाचं नाव एवढंच सांगतात, मग एसएन (आडनावाचा सक्तीचा रकाना) रिकामा ठेवून नोंद पडते. पुढे मेलचं सॉफ्टवेअर ती नोंद उचलत नाही आणि त्या माणसाला पगाराची स्लिप मिळत नाही. हे थांबलंच पाहिजे. म्हणून प्रॉक्सीवर डीपीकॉन्फ (तिची सेटिंग बदलायची कमांड) वापरून डिफॉल्ट कनेक्शन हँडलरला (येणाऱ्या कनेक्शनला लागू होणारा सेटिंगचा संच) 'स्कीमा-चेक-एनेबल्ड' ट्रू केलं. माझ्या मशीनवरून एसएनशिवाय नोंद घातली की एरर ६५, ऑब्जेक्ट क्लास व्हायोलेशन. बरोबर. पण एचआरकडून तशीच नोंद आली की सरळ आत जाते. काय राहिलंय?

रंकाळ्याचा_वारा:
एचआरसाठी वेगळा हँडलर आहे का बघ भावा. आमच्याकडं प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळा होता.

जुना_युनिक्सवाला:
रंकाळेकर म्हणतात तिथंच बघा. हे सेटिंग अख्ख्या प्रॉक्सीचं नाही, एकेका कनेक्शन हँडलरचं आहे. कनेक्शन आलं की प्रॉक्सी हँडलर प्राधान्यक्रमाने बघते आणि निकषात बसणारा पहिला हँडलर त्याला देते. निकष म्हणजे क्लायंटचा आयपी पत्ता, बाइंड डीएन (लॉगिन म्हणजे बाइंड करणारं खातं), ऑथेंटिकेशनची पद्धत वगैरे. कशातच बसलं नाही तर डिफॉल्ट. तुमचं मशीन डिफॉल्टमध्ये पडतं, एचआर बहुतेक दुसऱ्या हँडलरमध्ये. शिवाय बाइंड झाल्यावर कनेक्शनचा हँडलर बदलूही शकतो. त्यामुळे तपासणी एचआरच्याच खात्याने आणि एचआरच्याच मशीनवरून करा, तुमच्या अ‍ॅडमिन खात्याने केलेली धरू नका.

आडनावाबद्दल मला मनापासून सांगायचंय. एसएन सक्तीचा आहे तो 'पर्सन' या क्लासमुळे (क्लास म्हणजे नोंदीचा प्रकार), 'इनेटऑर्गपर्सन'ला तो वारशाने येतो. पण स्कीमाला तिथे काहीतरी किंमत (व्हॅल्यू) हवी असते, घराण्याचं आडनाव नव्हे. चेकिंग लागलं की एचआरमधलं पोरगं फॉर्म पुढे सरकावा म्हणून 'पाटील' नाहीतर 'एबीसी' टाकणार. कुणाच्या माथी खोटं आडनाव मारू देऊ नका. आडनाव नसेल तर माणसाने सांगितलेलं शेवटचं नाव एसएनमध्ये घाला, एकच नाव असेल तर तेच सीएनमध्ये (पूर्ण नावाचा रकाना) आणि एसएनमध्ये. हा नियम आधी एचआरला लेखी द्या, मग चेकिंग लावा.

शिरोली_दुसरी_पाळी:
साहेब, एचआरचा वेगळा हँडलर निघाला. त्याच्या आयपीवरून केलेला आहे. तिथे चेकिंग लावलं, एसएन नसलेल्या नोंदी आता अडतात. पण नवीनच झालं. बरोबर असलेल्या नोंदीही ६५ देतायत. आमचा स्वतःचा एक अ‍ॅट्रिब्यूट (रकाना) आहे, टोकन नंबरचा. मागच्या सर्व्हरवर ९९यूजर डॉट एलडिफ या स्कीमाच्या फाइलमध्ये तो आणि त्याचा ऑक्झिलरी क्लास (नोंदीला जोडायचा जादा क्लास) व्यवस्थित आहे. सकाळच्या पाळीची भरती थांबली म्हणून तूर्त त्या हँडलरवरचं चेकिंग बंद ठेवलंय.

जुना_युनिक्सवाला:
बंद ठेवलंत ते योग्यच केलंत, माणसं गेटवर उभी नकोत.

प्रॉक्सीची स्वतःची स्कीमा असते. तुमचा टोकन नंबर मागच्या सर्व्हरला माहीत, प्रॉक्सीला नाही. सर्व्हर प्रॉपर्टीत 'यूज-एक्स्टर्नल-स्कीमा' ट्रू करा, म्हणजे ती बाहेरची, मागच्या सर्व्हरची स्कीमा धरेल. रीस्टार्ट लागत असेल तर डीपीकॉन्फ तसं सांगतं, मग डीपीएडीएमने (प्रॉक्सी चालू-बंद करायची कमांड) करा, पाळी बदलायच्या वेळेला सोडून. नंतर 'सीएन=स्कीमा' (स्कीमा जिथे दिसते ती नोंद) या बेसवर बेस स्कोपने, म्हणजे फक्त त्या एका नोंदीवर, सर्च मारा, एकदा प्रॉक्सीच्या पोर्टवर, एकदा मागच्या सर्व्हरवर. टोकन नंबर दोन्हीकडे दिसला की मगच हँडलरवर चेकिंग परत चालू.

'एक्स्टेन्सिबलऑब्जेक्ट' लावून वाट काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो क्लास लावला की नोंदीत कुठलाही अ‍ॅट्रिब्यूट चालतो, मग टोकनच्या नावाने काहीही शिरेल.

गोकुळ_शिरगाव_लिनक्स:
मागच्या सर्व्हरवरच चेकिंग का चालू करत नाही? प्रॉक्सी चुकवून कोणी थेट मागे लिहिलं तर?

जुना_युनिक्सवाला:
शेवटी तिथेच लागायला हवं, शंकाच नाही. मॉडिफाय रिक्वेस्टमध्ये फक्त बदल असतो, पूर्ण नोंद मागे असते. म्हणून पक्का निवाडा मागचाच सर्व्हर करू शकतो. पण आज तिथे चालू केलं तर जुन्या नोंदी दिसायला तशाच राहतील आणि कोणी त्यातला साधा फोन नंबर बदलायला गेला की ६५ येईल. म्हणून आधी प्रॉक्सीवर नवी घाण थांबवा, मग एसएन नसलेल्या नोंदी फिल्टरने काढून दुरुस्त करा, त्यानंतर दोन्ही सर्व्हरवर 'चेक-स्कीमा-एनेबल्ड' ऑन. अर्धवट फोन नंबर यात पकडला जाणार नाही, किमतीचा सिंटॅक्स (ती ठरलेल्या साच्यात आहे का) तपासणं हे वेगळं सेटिंग आहे.

शिरोली_दुसरी_पाळी:
एक्स्टर्नल स्कीमा लावली. टोकन नंबर आता प्रॉक्सीवर दिसतोय. एचआरच्या मशीनवरून टोकनसकट नोंद गेली, एसएन काढून घातली तर ६५. नावाच्या नियमाचा कागद उद्या एचआरच्या टेबलावर ठेवतो, ठेकेदारांनाही एकेक प्रत देतो. एसएन नसलेल्या नोंदींची यादी काढायला घेतलीय. ज्यांची पगाराची स्लिप अडकलीय त्यांच्या नोंदी आधी करणार.