सारंगखेड्याची यात्रा आणि पुढे शहाद्यात महिनाभर मुक्काम: दोन घोड्यांची तयारी कशी करावी?

भीमाकाठ: मंडळी, दत्तजयंतीला एक मारवाडी घोडी (६ वर्षं, अंदाजे ३८० किलो) आणि एक काठेवाडी घोडा (४ वर्षं) दौंडहून सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) घोड्यांच्या यात्रेला न्यायचे आहेत. यात्रेनंतर जानेवारीअखेरपर्यंत दोन्ही शहाद्याजवळ मेहुण्यांच्या शेतावर, म्हशींच्या गोठ्याशेजारी राहतील. टेम्पो साधा मालवाहू आहे. गाडीत काय करून घ्यावं? तिकडची थंडी कितपत बाधते? मेहुण्यांकडचं पशुखाद्य चालेल का?

तोबरा: आधी गाडीचं बघा. पत्र्यावर नाल घसरते, म्हणून तळाला रबरी मॅट आणि वर भुशाचा किंवा भाताच्या तुसाचा थर हवा. दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंमी जाडीचा बांबू आणि मागे दोन भक्कम आडवे दांडे लावा. १९७८च्या जनावर वाहतूक नियमांतही हे आहे. फळ्या बुटक्या असतील तर उंच करून घ्या आणि कडेला पोती भरून मऊ करा. घोडा आणि घोडी शेजारी उभी करणार असाल तर मधली आडफळी छातीपर्यंत भरीव ठेवा.

त्याच नियमांत वेगाची मर्यादा ताशी ३५ किमी आहे. अंतर साधारण चारशे किमी, म्हणजे थांबे धरून चौदा-पंधरा तास. एका दमात नेऊ नका, येवल्याच्या आसपास रात्रीचा मुक्काम करा. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत अर्धा तास थांबवून पाणी दाखवा. आणि मोरखी (घोड्याच्या तोंडाला बांधायची दोरी) आखूड बांधू नका! मान खाली घालता आली नाही की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही, फुफ्फुसात उतरते आणि दोन-तीन दिवसांनी ताप चढतो. प्रवासानंतरचा न्यूमोनिया बहुधा असाच होतो. दोर इतकाच ढिला ठेवा की तोंड गुडघ्यापर्यंत जाईल, पण पाय अडकणार नाही. ताडपत्रीने गाडी गच्च बंद करू नका, मागून वारा खेळता राहू द्या. गाडीत झूल घालू नका, घाम आला की उलट गारठा बसतो. नालबंदी निघण्याआधी आठ-दहा दिवस उरकून घ्या, म्हणजे खिळा खुपत असेल तर घरीच कळेल.

पशुवैद्य_खानदेश: कागद हाताशी ठेवा: पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, धनुर्वाताच्या लसीची नोंद आणि ग्लँडर्सचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा) अहवाल. ग्लँडर्सची तपासणी कोणी मागो न मागो, करून घ्याच. रक्ताचा नमुना पाठवून अहवाल यायला वेळ लागतो, त्यामुळे महिनाभर आधी सुरुवात करा. याला लस नाही, तो माणसालाही होतो आणि जनावर बाधित निघालं तर कायद्याने त्याला मारावं लागतं. रोग पसरतो तो मुख्यतः सामायिक हौदातून. म्हणून यात्रेत आपली बादली, आपला तोबरा (दाण्याची पिशवी), आपला खरारा (अंग घासायचा ब्रश), आणि दुसऱ्याच्या घोड्याला हात लावला तर साबणाने धुणं.

आता थंडी. नंदुरबार-धुळ्याकडे रात्रीचं तापमान कधी कधी एक आकडी होतं आणि दुपारी चांगलंच ऊन पडतं. कोरडा घोडा गारठा सोसतो. ओला घोडा आणि सरळ वारा मात्र घात करतात. उत्तरेकडून तट्ट्या लावा, सूर्य मावळला की झूल, सकाळी ऊन लागताच काढा.

हिवाळ्यातला खरा धोका पोटशूळ आहे. पाणी गार असलं की घोडा कमी पितो, कोरडा कडबा मोठ्या आतड्यात अडकतो. ३८० किलोच्या घोडीला दिवसाला २५ लिटरच्या आसपास पाणी पोटात गेलंच पाहिजे. बादल्या मोजा. पाणी कोमट द्या, भरड्यात रोज ३० ग्रॅम मीठ घाला. घरीच आठवडाभर पाण्यात थोडा गूळ घालायची सवय लावली, तर तिकडचं वेगळ्या चवीचं पाणीही ते नाकारत नाही.

तापीकाठची माती घोडा चाऱ्याबरोबर चाटतो. जमिनीवर चारा टाकू नका, घमेलं वापरा. मूठभर लीद पाण्यात ढवळून बघा: तळाला वाळू बसत असेल तर चाऱ्याची जागा बदला.

भीमाकाठ: दादा, पाण्याचं इतकं नेमकं कधी मोजलं नव्हतं. आणि खाद्याचं?

पशुवैद्य_खानदेश: पोतं उघडण्याआधी लेबल वाचा. मोनेन्सिन (गुरांच्या खाद्यात मिसळतात ते औषध) असलेलं खाद्य घोड्याला प्राणघातक आहे, म्हशीला चालणारी मात्राही त्याच्या हृदयाचे स्नायू मारते. युरिया असलेलं खाद्य आणि युरियाने प्रक्रिया केलेला चाराही नको. गव्हाणी वेगळ्या, साठवण वेगळी. हिरवी ज्वारी, विशेषतः कापणीनंतर फुटलेली, अजिबात नको. मक्याच्या दाण्याला बुरशीचा वास आला तर फेकून द्या, मेंदूवर जातं.

चारा घरूनच दहा दिवसांचा न्या आणि नवा आठवडाभरात हळूहळू वाढवा. दोन्ही घोडी कामाविना उभीच राहणार, म्हणून हरभरा-जवाचा भरडा अर्ध्यावर आणा, नाहीतर खुरं पेटतात, म्हणजे आतून सुजतात. थंडीत दाणा वाढवू नका, वैरण किलोभर वाढवा. ती पचताना आतून ऊब येते.

तोबरा: गोठ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. भिंती चारी बाजूंनी बंद करू नका. मुताच्या वाफेने खोकला लागतो. ओलं अंथरूण रोज काढा.