परीकथांतल्या राजकन्येच्या हाती तलवार दिली, पुढे काय?

निशिगंधा
मुलींसाठी जुन्या परीकथा नव्याने लिहिण्याची सध्या टूम आहे. सिंड्रेला राजपुत्राला नकार देते, हिमगौरी बुटक्यांची सेनापती होते. हेतू चांगला, गोष्टी मात्र बेचव. नायिकेला कशाची भीती नाही, कुणाची मदत नको. मग गोष्ट उरते कुठे? त्यापेक्षा मूळ कथा वाचून दाखवा. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या कथेत हॅन्सेल कोंडलेला असतो आणि चेटकिणीला भट्टीत ढकलते ती त्याची बहीण ग्रेटेल. डॅनिश लेखक अँडरसनची गेर्डा (१८४४) हिमराणीच्या महालापर्यंत जाऊन आपल्या मित्राला, काईला, सोडवते. आणि बेडूक राजपुत्र? ग्रिमांकडे चुंबनबिंबन काही नाही. बाप म्हणतो वचन पाळ, बेडूक म्हणतो मला बिछान्यात घे, तेव्हा राजकन्या चिडून त्याला भिंतीवर आपटते!

अर्धविराम
मूळ म्हणजे नेमकं कुठलं? सतराव्या शतकातल्या इटालियन लेखक बासिलेच्या कथेत झोपलेल्या तालियावर, म्हणजे आपल्या निद्रिस्त राजकन्येवर, राजा बळजबरी करतो आणि ती झोपेतच जुळ्यांना जन्म देते. १६९७ मध्ये फ्रेंच लेखक पेरोने ते काढून टाकलं. ग्रिमांच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. त्यांचीच मनोऱ्यात कोंडलेली रॅपन्झेल पहिल्या आवृत्तीत भाबडेपणाने विचारते, कपडे घट्ट का होताहेत? म्हणजे दिवस गेलेत. तेही पुढे गाळलं. दरेक पिढीने कात्री चालवली, मग आपणच सोवळ्यात का बसायचं?

खोडरबर
लाल टोपीवालीचं बघा. पेरोकडे लांडगा तिला गिळतो, खेळ खलास, खाली मुलींना उपदेश. ग्रिमांनी वाचवायला शिकारी आणला. पण फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात तोंडी कथांची नोंद झाली, त्यातली मुलगी लांडग्याला परसाकडेला जायचं निमित्त सांगते. तो तिच्या पायाला दोरी बांधून बाहेर सोडतो. ती दोरी झाडाला बांधते आणि पसार! ना शिकारी, ना तलवार.

निशिगंधा
अगदी! ती घाबरलेली आहे, म्हणूनच तिचं डोकं चालतं. नव्या गोष्टींत नेमकी ही भीती पुसून टाकतात.

अर्धविराम
छान. पण ही कथा अभ्यासकांच्या पुस्तकात पडून आहे. मुलींच्या डोळ्यांसमोर असते ती १९३७ च्या डिस्नेपटातली, चुंबनाने जागी होणारी हिमगौरी. ग्रिमांकडे तर नोकर अडखळतात, तिच्या शवपेटीला हिसका बसतो आणि घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. एवढं सांगून चित्र बदलत नाही. चित्राला चित्रानेच उत्तर द्यावं लागतं.

काजळी
माझी तक्रार वेगळीच आहे. सगळे सावत्र आईवर तुटून पडतात. ग्रिमांच्या सिंड्रेलाचा बाप जिवंत आहे, हे किती जणांच्या लक्षात आहे? राजपुत्र बूट घेऊन दारात येतो, विचारतो, आणखी मुलगी आहे का? तर हा म्हणतो, नाही, पहिल्या बायकोची एक खुरटलेली पोर आहे तेवढी, ती काही नवरी असणं शक्य नाही. पोटच्या पोरीबद्दल! आणि शेवटी कबुतरं डोळे फोडतात ते सावत्र बहिणींचे. बापाला कुणी एक शब्द विचारत नाही. नव्याने लिहायचंच असेल तर सिंड्रेलाने त्याला जाब विचारावा.

अर्धविराम
निशिगंधाताई, हा बदल चालेल? मुळात तर नाही.

निशिगंधा
चालेल. फक्त विचारताना तिचा आवाज थरथरू दे.