जर्मन विद्यापीठातील सेमिनार आणि माझी ‘हो’ म्हणण्याची सवय

कोयनाकाठ:
नमस्कार. मी मूळची कराडची. पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेऊन गेल्या वर्षापासून जर्मनीत एम.एससी. करत आहे. अभ्यास झेपतो, आणि अभ्यासक्रम इंग्रजीत असल्यामुळे भाषेचीही फारशी अडचण नाही. अडते ते वेगळ्याच ठिकाणी.

मागील सत्रात सेमिनारमध्ये मला उष्णतावहनावरील एक शोधनिबंध मांडायचा होता. तीन आठवडे खपून मी त्यातील प्रत्येक समीकरण स्वतः सोडवून पाहिले आणि वीस मिनिटांत विषय व्यवस्थित मांडला. त्यानंतर प्राध्यापकबाईंनी विचारले, “लेखकांची पद्धत तुम्हाला स्वतःला पटते का?” मी “हो” म्हणाले. वास्तविक, एकमेकांवर दाबलेल्या दोन धातूंच्या पृष्ठांमधील उष्णतारोध दाब बदलला तरी तेवढाच राहतो, हे त्यांचे गृहीतक मला खटकले होते. परंतु ज्यांची नावे आम्ही पाठ्यपुस्तकांत वाचली त्यांची चूक मी काढावी, हे तोंडातून निघेना. मला २.७ श्रेणी मिळाली (येथे १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्ण होण्याची शेवटची पायरी) आणि शेरा होता की तयारी उत्तम आहे, स्वतःची भूमिका नाही.

प्रबंधाच्या बाबतीतही तेच घडले. मार्गदर्शकांच्या आराखड्यातील मोजमापे पुरेशी पडणार नाहीत असे मला पहिल्याच भेटीत वाटले होते, तरी मी मान डोलावली. सहा आठवड्यांनी ते उघड झाले तेव्हा ते रागावले नाहीत; “तुम्हाला हे तेव्हाच दिसले होते, तर बोलला का नाहीत?” एवढेच त्यांनी विचारले. मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये हे घरचे वळण मला वाईट वाटत नाही आणि ते टाकूनही द्यायचे नाही. मग पुढच्या भेटीत बोलावे कसे?

स्टुटगार्टकर:
मी चौदा वर्षांपूर्वी याच वाटेने आलो, म्हणून सविस्तर लिहितो. आपण ज्याला उलट उत्तर म्हणता त्याला येथे उत्तर म्हणतात. सेमिनारमध्ये गप्प बसलेला विद्यार्थी नम्र आहे असे येथे कोणी समजत नाही. त्याने वाचलेले नाही किंवा त्याला विषयात रस नाही, असाच अर्थ घेतला जातो. यामागे मोठा इतिहास आहे. १८१० मध्ये बर्लिनचे विद्यापीठ सुरू झाले त्यामागे विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांची अशी धारणा होती की विद्यापीठात शिक्षक विद्यार्थ्यासाठी नसतो, तर दोघेही ज्ञानासाठी असतात. सेमिनार हा प्रकार याच विचाराच्या आधाराने रुजला.

आजही तासांचे गणित तेच सांगते. एका क्रेडिटसाठी साधारण ३० तासांचे काम धरले जाते, म्हणजे पाच क्रेडिटच्या विषयाला १५० तास, आणि त्यांपैकी वर्गातले तास साठच्या आसपास. उरलेले काम विद्यार्थ्याने आपल्या जबाबदारीवर करायचे असते आणि वर्गात त्यातून निघालेले प्रश्न घेऊन यायचे असते.

नोकरीतही हाच अनुभव आला. पहिल्या वर्षी साहेबांनी मुदत विचारली की मी “होईल” म्हणत असे आणि मग रात्री जागून काम उरकत असे. एकदा मुदत चुकली, तेव्हा मला समजले की माझ्या ‘होईल’वर पुढच्या तीन जणांनी आपले वेळापत्रक बांधले होते. नकार देणे हे त्यांच्या दृष्टीने सौजन्य होते, आणि मी ते त्यांना नाकारले होते. डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांच्या ‘सत्ता-अंतर’ या निर्देशांकात, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांतील अंतर लोक किती गृहीत धरतात याच्या मापात, भारताला ७७ आणि जर्मनीला ३५ गुण आहेत. तो फरक मी असा प्रत्यक्ष भोगला.

निवृत्त_प्राध्यापक:
वरील प्रतिसादातील अनुभव मोलाचा आहे, परंतु हॉफस्टेड यांच्या आकड्यांविषयी सावध राहावे. ते मुळात १९६७ ते १९७३ या काळात आय.बी.एम. या एकाच कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. त्यांवरून कराडच्या मुलीचा स्वभाव ठरवता येत नाही.

मी तीस वर्षे महाविद्यालयात शिकवले. मुले गप्प बसत, कारण आम्ही त्यांना प्रश्न विचारण्याचे गुण कधी दिलेच नाहीत. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी आणि महाविद्यालये संलग्न करणारी संस्था म्हणून. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, अशी घडी तेव्हा बसली. अनोळखी परीक्षकाला मत सांगण्यापेक्षा पुस्तकातले उत्तर लिहिणे हेच शहाणपणाचे ठरले. यात संस्कृतीपेक्षा या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

नाही तर प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मगच आपले मांडायचे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची शिस्त आपल्याच शास्त्रचर्चेतली आहे. त्याच मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा काढून निबंध वाचले, त्यांवर चर्चा केली, आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. वाद घालणारा विद्यार्थी ही आपल्याकडे बाहेरून आणण्याची गोष्ट नाही.

शब्दवेध:
मी पुण्यात जर्मन शिकवते, त्यामुळे केवळ भाषेपुरते लिहिते. जर्मनमध्येही ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद आहे: ‘डू’ आणि ‘झी’. प्राध्यापकांना ‘झी’ म्हटले, आडनावापुढे ‘फ्राऊ’ किंवा ‘हेर’ लावले, की आदराची बाजू पूर्ण झाली. त्यानंतर विषयावर मोकळेपणाने असहमत होता येते. आपल्याकडे आईला ‘तू’ म्हणून आपण तिच्याशी तासभर वाद घालतो, पण ज्यांना ‘आपण’ म्हणतो त्यांच्यापुढे वादच बंद होतो. खरे पाहता “आपले म्हणणे समजले, परंतु ही एक गोष्ट मला पटली नाही” हे वाक्य मराठीत पूर्णपणे मर्यादेचे आहे. ते आधी मराठीत मोठ्याने म्हणून पाहावे, म्हणजे इंग्रजीत म्हणताना अपराधी वाटणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांना याचा उपयोग झालेला आहे.

नागोयाहून:
एक पुस्ती जोडतो. हा धडा घेऊन जपानला आलात तर अडचण होईल. येथे ‘हाइ’ म्हणजे बहुधा ‘ऐकतो आहे’, होकार नव्हे. आणि भर बैठकीत वरिष्ठांच्या योजनेतील त्रुटी दाखवणे हा त्यांना चारचौघांत उघडे पाडण्याचा प्रकार समजतात. तीच त्रुटी बैठकीपूर्वी एकेकाला भेटून सांगायची असते, त्याला ‘नेमावाशी’ म्हणतात. त्रुटी सांगायची दोन्हीकडे असतेच. जागा आणि वेळ तेवढी बदलते.

कोयनाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. सरांचे लिखाण वाचून मनावरचे ओझे उतरले, कारण दोष माझ्या वळणाचाच आहे असे मी धरून चालले होते. भेट पुढच्या मंगळवारी आहे. मोजमापे कोठे कमी पडतात आणि आणखी किती दाबांवर चाचणी घ्यावी लागेल, याचे एक पान मी शुक्रवारीच मार्गदर्शकांना मेलने पाठवते, म्हणजे समोर बसल्यावर सुरुवात कशी करावी हा प्रश्नच उरणार नाही. प्राध्यापकबाईंच्या भेटीच्या वेळेतही जाणार आहे. श्रेणी बदलणार नाही हे ठाऊक आहे. ते गृहीतक मला का खटकले होते, तेवढे त्यांना सांगायचे आहे.