अनुभव धागा: मोबाईलवर नेट कशासाठी घेतलंत, आणि मग का ठेवलंत?

गवतफूल: दिवाळीची साफसफाई चालू आहे, माळ्यावरच्या डब्यात आईचा नोकिया ११०० सापडला, टॉर्चवाला. हातात घेतला आणि एकदम २०१६ आठवलं. आई म्हणायची, मला हाच बरा, मला काय करायचंय नेट. मग ताईला बाळ झालं मेलबर्नला आणि आईला ते बघायचं होतं. जिओ सप्टेंबरात आलेलं, डेटा फुकट, रांगेत उभं राहून आधार दाखवून सिम आणलं आणि माझा फोरजीवाला फोन तिला दिला.
नातू आता शाळेत जातो, आजीशी दोन मिनिटं बोलतो की पळाला. तरी आईचा फोन सुटत नाही, कारण तिच्या भजनी मंडळातल्या बायका अभंगाच्या चाली व्हॉइस मेसेजवर पाठवतात. टाइप करायचा सगळ्यांनाच कंटाळा, माइक दाबून धरायचा आणि गायचं. बाकीच्या दुपारी भांडी घासताना ऐकून ऐकून बसवतात. आधी देवळात एकदाच कानावर पडायची, विसरली की गेली.
तर लिहा तुमचं. घेतलं कशासाठी आणि ठेवलं कशासाठी, दोन्ही.

पाऊलवाट: २००९, हॉस्टेल, ओपेरा मिनी (साध्या फोनवर नेट बघायचा ब्राउझर)!!! मराठी पान उघडलं की नुसते चौकोन. मग रूममेटने सांगितलं, पत्त्याच्या जागी ओपेरा कोलन कॉन्फिग टाक, खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट असं असतं ते यस कर. केलं आणि चौकोनांची अक्षरं झाली. ती अक्षरं म्हणजे चित्रंच असायची, त्यामुळे डेटा जास्त, बॅलन्स भराभर जायचा, पण बंगळुरात चार महिने मराठी अक्षर डोळ्यांना दिसलं नव्हतं हो. त्या रात्री काय वाचलं ते आठवत नाही, पहाटेपर्यंत वाचलं एवढं आठवतं.

चिंचबोर: आईशप्पथ बिटमॅप फॉन्ट!! अख्खं विसरले होते हे

रातराणी: गवतफूल, त्या नोकियाची बॅटरी फुगली नाहीये ना बघ आधी, फुगली असेल तर चार्जिंगला लावू नकोस. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

बांधावरून: आम्ही कांदावाले, निफाडकडचे. लासलगावचा भाव आधी दुसऱ्या दिवशी पेपरात, नाहीतर मार्केटला गेलेला कुणी परत आला की. आता लिलाव चालू असतानाच ग्रुपवर येतो, ट्रॅक्टर भरायचा का थांबायचं ते घरीच ठरतं. त्यासाठी घेतला. पण २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतात उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा, पिकाची नोंद त्यावरून, आधी ते तलाठी बघायचे. म्हणजे आता नको म्हटलं तरी सोडता येत नाही. सगळेच हौसेने ठेवत नाहीत, हे पण लिहावंसं वाटलं.

सड्यावरची: +१. लॉकडाऊनमध्ये आमच्या वाडीत रेंज नाही, पोरं शाळेसाठी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाऊन बसायची, एका फोनवर दोघं भावंडं, पावसात छत्री फोनवर आणि पोरं भिजतायत. माझी लेक तेव्हा नववीत. तिला सर्दी झाली की अजून तो जून आठवतो मला

चिंचबोर: अगं बाई. आता कुठे असते ती?

सड्यावरची: नर्सिंगला, रत्नागिरीत. शेवटच्या वर्षाला 🙂

अबोली: सांगावं की नको करत लिहितेय. माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. घरी फोन १९९४ पासून, पण त्याच्यासाठी ती नुसती टेबलावरची वस्तू. नोकरीला पुण्याला गेला तेव्हा एसएमएस होते, पण आमची बोली हातांची, अर्ध्या खुणा तर आमच्या घरातच तयार झालेल्या, त्या लिहिणार कशा? आई सांगायची, जेवलास का विचार. मी लिहायचे. तो 'हो' लिहायचा. संपलं बोलणं. टूजीवर व्हिडिओ करून बघितला, चित्र अडकायचं, आणि हात मधेच थांबला की शब्दच कळत नाही. मग फोरजी आलं, २०१६ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. आई फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवायची, कारण बोलायला दोन्ही हात लागतात. एकतिसाव्या वर्षी माझा भाऊ पहिल्यांदा आईशी फोनवर भांडला. पगार कुठे घालवतोस यावरून. फोन ठेवल्यावर आई किती तरी वेळ हसत होती आणि रडत होती.

पाऊलवाट: 🙏 परत परत वाचलं

बांधावरून: ताई, आमच्या शेजारी असाच एक मुलगा आहे, आज संध्याकाळी त्याच्या घरी जातो

रातराणी: आले. मी तर दोन वर्षांपूर्वी नेटपॅक बंदच केलेला, डोळे दुखायचे, झोप नाही. सव्वा महिना टिकलं. टँकर कधी येणार ते सोसायटीच्या ग्रुपवरच येतं, दोनदा बादल्या भरायच्या राहिल्या, सासूबाईंना खालून पाणी आणावं लागलं, मग घेतलं परत. अबोली, तुझं वाचून मात्र माझं सांगायचं राहूनच जात होतं.

गवतफूल: बॅटरी फुगलीच होती, रातराणी, काढून वेगळी ठेवली. अबोलीचं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणतेय, डब्यापेक्षा जाड लग्नपत्रिकेची घडी घाला, फोन घसरत नाही.

अबोली: आईंना सांग, पत्रिका घालून बघितलेली. आमची आई हात इतके जोरात हलवते की पडते. पोहे भरलेला डबाच लागतो.