थीफ आला आणि बाकीच्यांचे हात बांधले गेले

दगडी_जिना
परवाच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सेशनमध्ये (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र रंगवायचा खेळ) माझा फायटर, म्हणजे लढवय्या, भुयारातल्या लाद्यांवर पखालीतलं पाणी ओतत होता. पाणी एखाद्या फटीत झरकन मुरलं की खाली पोकळी, म्हणजे सापळा, असा साधा हिशोब. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणाला, "सापळे शोधणं थीफचं, चोराचं काम. तुला नाही जमणार." फार लागलं ते.

1974 साली गायगॅक्स आणि आर्नसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, तीनच होते: फायटिंग मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक, म्हणजे मंत्र जाणणारा पुजारी. सापळा ज्याचं डोकं चालेल त्याने शोधायचा. 1975च्या ग्रेहॉक पुरवणीत थीफ आला आणि जे सगळ्यांचं होतं ते एकाच्या सातबाऱ्यावर चढलं. बरं, त्याला तरी काय मिळालं? 1978च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये पहिल्या लेव्हलच्या थीफला सापळा सापडण्याची मूळ शक्यता 20 टक्के, सावलीत लपण्याची 10. एवढ्यासाठी बाकीच्यांनी हातावर हात ठेवून बसायचं? खास क्लास जितके वाढतात तितका खेळाडू जगाकडे बघायचं सोडून कॅरॅक्टर शीटकडे, पात्राचे आकडे लिहिलेल्या कागदाकडे बघतो.

अथासची_वाळू
अजिबात पटलं नाही. चूक तुमच्या डीएमची आहे, क्लासची नाही.

याच खेळासाठी रचलेलं 1991चं डार्क सन घ्या. अथास नावाचं रखरखीत जग. तिथे मंत्राची ताकद झाडापाल्यातून ओढली जाते. डिफायलर हा जादूगार ती ओरबाडून घेतो, त्याच्या भोवतीच्या गवताची राख होते. प्रिझर्व्हर हा दुसरा जादूगार जपून घेतो, पण लेव्हल चढायला त्याला जास्त अनुभव लागतो. नुसते दोघांचे तक्ते शेजारी ठेवा, त्या जगाचं वाळवंट का झालं ते कळतं. देव नाहीत, म्हणून क्लेरिक अग्नी, पाणी, वारा, माती यांची उपासना करतात. टेम्प्लरला मंत्र मिळतात ते जुलमी जादूगार-राजाच्या मर्जीने. नुसता 'विझार्ड' असता तर यातलं काहीच खेळात उतरलं नसतं, वर्णनातच राहिलं असतं.

वातीचा_उजेड
थोडी भर. क्लेरिक मुळात आर्नसनच्या ब्लॅकमूर खेळातला. तिथे एका खेळाडूचा सर फँग नावाचा व्हॅम्पायर कुणालाच आवरेना, म्हणून त्याला तोड काढली. खास क्लास असे टेबलावरच्या गरजेतून येतात. मला त्यात वावगं दिसत नाही.

दगडी_जिना
डार्क सनचं उदाहरण जबरदस्त आहे, मान्य. पण जग जिवंत करायला क्लासच लागतो असं नाही. 1978चं रूनक्वेस्ट बघा, असाच दुसरा खेळ, त्यात क्लास नाहीतच. तलवार, चोरपावलं, मंत्र, सगळं सगळ्यांना शिकता येतं. तरी त्यातलं ग्लोरँथा हे जग दुसऱ्या कुठल्याही जगाच्या तोडीस तोड आहे.

अथासची_वाळू
अहो, पण ग्लोरँथातले पंथ काय आहेत मग? हुमाक्त हा मृत्यूचा देव. त्याचा अनुयायी तलवारीत तरबेज, भुताखेतांचा वैरी, आणि मेल्यावर त्याला परत उठवता येत नाही. ताकद आणि बंधन एका गाठीत बांधलेलं. मी यालाच क्लास म्हणतो.

दगडी_जिना
मी नाही म्हणत. पंथात माणूस जातो. कुणापुढे तरी गुडघे टेकतो, शपथ घेतो, आणि ते सगळं खेळताना घडतं. क्लास पहिला फासा पडायच्या आधीच ठरलेला असतो. शिवाय हुमाक्तचा पंथ इतरांच्या हातातून तलवार काढून घेत नाही. माझ्या फायटरच्या हातातली पखाल मात्र काढून घेतली गेली.

वातीचा_उजेड
मी डीएम असताना असं करते: कुणीही पाणी ओतो, काठीने ठोको, नीट सांगितलं तर सापळा सापडतो, फासा टाकायचा नाही. थीफने काहीच सांगितलं नाही तरी त्याला त्याचे टक्के आहेतच. आमच्या थीफची कधी तक्रार आली नाही, उलट पाणी ओतणाऱ्याला लादीखाली नेमकं काय आहे ते तोच सांगतो.

अथासची_वाळू
हे मला चालेल. डिफायलरला मात्र हात लावू देणार नाही.

दगडी_जिना
नाही लावत. रविवारी आमच्या डीएमला ही पद्धत सुचवून बघतो. तो लाद्यांचा बोळ अजून पार व्हायचाय.